तिसऱ्या शिट्टीनंतर

माझ्या मावशीच्या यजमानांइतकं शिस्तीत संगीत ऐकणारा माणूस अख्ख्या कर्जत-खालापुरात झाला नसेल, आणि माझ्याइतका ढ शिष्यही कुणाला लाभला नसेल. काका भिवपुरीच्या वीजघरात ऑपरेटर होते. दिवसभर यंत्रांची घरघर ऐकलेला माणूस घरी शांतता मागेल. काका घरी येऊन विजेवरची वाद्यं ऐकत. तीही परदेशातल्या एकाच बँडची. ना गाणारा, ना शब्द, ना तबला. नुसते सूर घुमत राहायचे आणि मध्येच नळ गळल्यासारखे टपटपायचे. त्या मंडळींनी वीस वर्षांत तीसेक तबकड्या काढल्या होत्या आणि बोटीवर नोकरीला असलेल्या एका मित्राकडून काकांनी त्या झाडून साऱ्या मागवल्या होत्या.

मी खोपोलीत कारकून होतो आणि दर रविवारी मावशीच्या हातचं वालाचं बिरडं खायला त्यांच्या क्वार्टर्सवर जात असे. एकदा जेवता जेवता, उगाच आपण चारचौघांहून वेगळं दिसावं म्हणून, "मलाही ऐकायचंय," असं बोलून गेलो. झालं! काकांनी तबकड्यांवरून भरलेल्या कॅसेटींचा एक संच माझ्या हवाली केला: पहिलीपासून क्रमाने, आठवड्याला एक, आणि रविवारी पानावर बसण्याआधी तोंडी परीक्षा. मधली गाळायची नाही, आणि कितीही आवडली तरी मागे फिरवून ऐकायची नाही. "पानी एकदा टर्बाइनमदनं गेलं की परत डोंगरावर चढतंय का रं?" काका विचारत.

पहिल्या सहा कॅसेटी मी झोपेतच पार केल्या आणि परीक्षेत "गंभीर आहे," एवढ्यावर भागवलं. सातवी मात्र जागेपणी ऐकली आणि रविवारी छाती पुढे काढून म्हणालो, "काका, यात त्यांनी पहिल्यांदाच गाणारी घेतलीय. तिसऱ्या शिट्टीनंतर ती बाई लांबून आर्त साद घालते ना, अंगावर काटा आला! कुठली भाषा ती?"

"शिट्टी डाळीची हाय," काका म्हणाले. "आन बाई तुजी मावशी हाय."

ते तबकडीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून कॅसेट भरत, त्यात सगळं स्वयंपाकघर शिरलं होतं. मावशी पदर तोंडाला लावून हसत राहिली. "पास करा त्याला," ती म्हणाली, "माजं गानं कुनाला तरी आवडलं!"

काकांच्या मात्र ते जिव्हारी लागलं. त्यांनी वायर आणली, दोन्ही यंत्रं जोडली आणि घरातल्या सगळ्या कॅसेटी पुन्हा स्वच्छ भरल्या. माझ्याकडच्याही परत मागितल्या. पण परत करायच्या म्हणजे परीक्षा आली, आणि सातवीनंतरची एकही मी ऐकली नव्हती. "पुढच्या रविवारी आणतो," असं म्हणत मी दोन वर्षं काढली.

मग मावशी अचानक गेली. माझं रविवारचं जाणंही सुटलं, याची आज लाज वाटते. एके दुपारी काकाच खोपोलीला माझ्या दारात उभे राहिले. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"ती सातवी हाय का रं अजून?"

"आहे, काका. पण खरं सांगतो, पुढची एकही ऐकलेली नाही."

"नको आयकू. माज्याकडच्या सगल्या मी साफ करून बसलोय. लाव ती."

मी लावली. सूर घुमले, टपटपले. एक शिट्टी, दुसरी, तिसरी. आणि मग लांबून, आता ओळखू आलेल्या हसऱ्या आवाजात, "अवो, पानं वाढलीत, या ना!"

बँड पुढे वाजत राहिला. काका टेपरेकॉर्डरकडे बघत होते.

"जरा मागं घे रं," ते म्हणाले.