गार्थच्या छातीवरचा पट्टा

आमच्या गार्थला कधी कुणी "तू मागे थांब" म्हटलेलं मला तरी आठवत नाही. तळ्यावर बर्फ धरला की त्यावर पहिलं पाऊल याचं. तळघरात काही खुडबुडलं की जिना उतरणार हाच, आणि मी मागून बॅटरी घेऊन निघाले की ओरडणार, "लोर्ना, वरच थांब!" नोकरीच तशी होती म्हणा. जन्मभर रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारायची गाडी चालवली त्याने. हा पुढे आणि याच्या मागे शाळेची बस, दुधाची गाडी, डॉक्टर, सगळं खोरं. निवृत्त झाला तरी खोड गेली नाही. मला वैताग यायचा. खरं सांगू का, आवडायचंही.

मग त्याचे हात हलायला लागले.

नुसता बसला असला की काही नाही. पण काही घ्यायला हात पुढे केला की थरथर सुरू. चमचा तोंडाशी जाईपर्यंत निम्मं सूप टेबलावर. बिलिंग्ज शहरातल्या डॉक्टरने तपासून सांगितलं, जिवाला धोका नाही, गोळ्यांनी थोडं कमी होईल, पूर्ण जाणार नाही. गोळ्यांनी पेंग येते म्हणून गार्थने त्या महिन्याभरात सोडल्या. कॉफी अर्धा कप घ्यायला लागला. कॅफेत कुणी विचारलं तर सांगायचा, "डॉक्टरने कमी करायला सांगितलीय." धडधडीत खोटं! 

धनुष्य तर सुटलंच. दर सप्टेंबरात गार्थ आणि माझा धाकटा भाऊ क्लेटन एल्कच्या शिकारीला वर डोंगरात जातात. घोड्याएवढं ते हरीण, एक मिळालं की दोन घरांचा हिवाळा निघतो. आता बाण फक्त क्लेटन मारायचा आणि गार्थकडे उरलं हाक देण्याचं काम. पण ते काम असं, की अख्ख्या खोऱ्यात त्याच्या तोडीचा कुणी नाही. टाळूला रबराची पातळ पट्टी लावायची आणि कधी मादीचा, कधी चुकलेल्या पाडसाचा आवाज काढायचा. क्लेटन म्हणतो, "लोर्ना, तुझ्या नवऱ्याच्या घशात एल्कची मादी राहते, तुला ठाऊक होतं का लग्नाच्या वेळी?"

आता यात गोम अशी, की बाण मारणारा पुढे दबा धरून बसतो आणि हाक देणारा मागे, एकटा. चुकलेल्या पाडसाचा आवाज फक्त नरालाच ऐकू जातो असं थोडंच आहे? ग्रिझली अस्वलालाही जातो, आणि त्याला ती न्याहारीची घंटा वाटते. म्हणून चव्वेचाळीस बोअरचं एक रिव्हॉल्व्हर हाक देणाऱ्याच्या छातीवर, पट्ट्याने बांधलेलं. कमरेला लावलं तर पाठपिशवीच्या पट्ट्याखाली अडकतं. मिरचीचा फवारा आम्हीही नेतो, पण एल्कला आपला वास जाऊ नये म्हणून वारा तोंडावर घेऊन बसावं लागतं आणि फवारा आपल्याच डोळ्यांत येतो. तर अशी ही व्यवस्था. सगळी भिस्त ज्याच्यावर, त्याच्याच हाताला कंप.

ऑगस्टात आम्ही खोऱ्यातले सगळे शिकारी खडीच्या खाणीत सरावाला जमतो. मुलांची जुनी बर्फावरची घसरगाडी घ्यायची, तिच्यावर अस्वल काढलेला पुठ्ठा उभा करायचा. दोर नेमबाजाच्या बाजूच्या खुंटावरच्या कप्पीतून मागे आणून पिकअपला बांधायचा. पिकअप पळाली की पुठ्ठा थेट अंगावर येतो, आणि विचार करायला अजिबात वेळ देत नाही. त्या वर्षी क्लेटनने अस्वलाच्या पोटावर आयकर खात्याचं नाव लिहिलं होतं. "आता कुणाचा नेम चुकतो तेच बघतो!" म्हणाला. हशा पिकला. बटाट्याच्या सॅलडची पातेली फिरत होती, पोरं रिकामी काडतुसं वेचत होती.

गार्थची पाळी आली तेव्हा पिकअप मी चालवत होते आणि आरशातून बघत होते. त्याने हात छातीकडे नेला, पण पट्ट्यावरचं बटण बोटांना सापडेना. सापडलं तोवर पुठ्ठा त्याच्या गुडघ्यावर येऊन आपटला होता. पुन्हा केलं. या खेपेला रिव्हॉल्व्हर बाहेर आलं, रिकामंही झालं, पण पुठ्ठा कोराच.

"दोर झटके देतोय," तो ओरडला. "लोर्ना, गाडी नीट चालव की जरा!"

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. क्लेटन उगाच बुटावरची धूळ झटकत बसला.

माझी पाळी आली तेव्हा पुठ्ठ्याच्या डोक्याला भोकं पडली. त्यात माझं कौतुक काही नाही, बापाच्या गवताच्या शेतात खारी मारण्यातच माझं बालपण गेलं. कुणीतरी ओरडलं, "गेलं आयकर खातं!" गार्थने टाळ्या वाजवल्या आणि माझ्याकडे न बघता गाडीत जाऊन बसला.

तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला. घरात पाय ठरेना. कपाटं आवरली, तीच पुन्हा आवरली. भाजीत मीठ घातलं की नाही ते आठवेना. त्याला जाऊ नको म्हणावं तर त्याच्याकडे उरलेली एकच गोष्ट मी हिसकावून घेणार. जाऊ द्यावं तर एखाद्या सकाळी क्लेटन एकटाच खाली येणार. दोन्हीकडून माझंच मरण. शेवटी न्याहारीला बसलो असताना बोलून टाकलं.

"गार्थ, या वर्षी मी येते."

"कुठे?"

"वर. तुम्हा दोघांबरोबर. बंदूक माझ्याकडे राहील."

पावाला लोणी लावणारी त्याची सुरी थांबली. "म्हणजे बायकोला पहारेकरी ठेवून मी झाडामागे बसून म्यांव म्यांव करू? क्लेटन जन्मभर चिडवेल."

"चिडवू दे! जिवंत असलास तरच चिडवेल ना?"

"अगं, इतक्या वर्षांत ती एकदा तरी बाहेर काढावी लागली का?"

"नाही ना? मग कशाला लावतोस छातीवर, शोभेला?"

"हो!" त्याने सुरी आपटली. "शोभेला! झालं समाधान?"

तो उठून बाहेर निघून गेला. क्लेटनला फोन केला तर तो शहाणा म्हणतो, "मला मध्ये घालू नका बाई. त्याला 'येऊ नको' म्हणायची माझी छाती नाही. तूच बघ काय ते." इतकी तिडीक गेली डोक्यात! एल्कच्या वाट्याला जाताना बरी छाती असते. फोन आपटला आणि स्वयंपाकघरात येरझारा घालत राहिले.

शिकारीच्या दिवशी पहाटे मी मुद्दामच कपडे करून, बूट चढवून तयार राहिले. गार्थ बघून न बघितल्यासारखं करत होता. तो पट्टा अंगावर चढवायला गेला. पाठीमागची कडी त्याच्याने लागेना. एकदा, दोनदा, पुन्हा. मी चुलीकडे तोंड करून उभी. शेवटी त्याचा आवाज आला, "लोर्ना, जरा हे लाव ना."

मी त्याच्या मागे गेले. कडी हातात घेतली. लावायचीच होती, देवाशपथ. पण हात तसे वळलेच नाहीत. पट्टा त्याच्या खांद्यांवरून काढला, माझ्या जाकिटावर चढवला आणि कडी लावून टाकली.

तो वळला. माझ्याकडे उत्तरं तयार होती, एकेक अशी की ऐकत राहावं. त्याने माझ्या छातीवरच्या रिव्हॉल्व्हरकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर क्लेटनच्या गाडीचे दिवे आले तिकडे पाहिलं.

"कॉफी उरलीय का?" एवढंच म्हणाला.

गडबडीत मी कप काठोकाठ भरला. निम्मी कॉफी त्याच्या विजारीवर सांडली आणि आम्ही दोघांनीही ती सांडली नाही असं ठरवलं.

क्लेटनने पट्टा कुणाच्या अंगावर आहे ते पाहिलं. चिडवायचं सोडून त्याने मला घट्ट मिठी मारली. त्या वर्षी डोंगरात बोरांसारखी ती जांभळी फळं धरलीच नव्हती. अस्वलांची पोटं रिकामी होती, हे खोऱ्यात प्रत्येकाला ठाऊक होतं आणि गाडीत कुणी बोललं नाही.

वर पोचून क्लेटन फरच्या झाडांतून पुढे गेला, दिसेनासा झाला. आम्ही दोघं एका पडलेल्या खोडाच्या आडोशाला बसलो, वारा तोंडावर. गार्थने हाक दिली. काय सांगू, मला ठाऊक असूनही वाटलं, बिचारं पाडस कुठे अडकलंय ते जाऊन बघावं. डोळे मिटून हाक देत होता. हात मांडीवर, एकदम शांत. किती महिन्यांनी त्याचा चेहरा मी तसा पाहिला. आणि मी मात्र सारखी मान वळवत होते. डावीकडे, मागे, पुन्हा डावीकडे.

"एका जागी बस की," तो पुटपुटला. "तुझ्या चुळबुळीने एल्क सोड, कावळासुद्धा यायचा नाही."

"तू हाक दे. मला शिकवू नकोस."

त्याने पुन्हा पाडसाचा आवाज काढला आणि डावीकडची झुडपं हलली.

आधी मला फक्त तपकिरी पाठ दिसली. मग अस्वलाचं डोकं. वाऱ्याच्या बाजूने येत होतं, त्यामुळे त्याला आमचा वास नव्हता. त्याच्या लेखी इथे एक पाडस होतं. आमच्या घरापासून फाटक जेवढं, तेवढ्यावर. मी रिव्हॉल्व्हर काढलं. ते कसं निघालं मला आठवत नाही, पण दोन्ही हातांत होतं.

आणि गार्थ उठला. उठला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"ए बाबा," तो अस्वलाला म्हणाला, हात पसरून, अगदी हळू, आमच्या कुत्र्याशी बोलायचा तसा. "माणसं आहोत आम्ही. जा. जा तू." बोलता बोलता त्याचा उजवा हात छातीवर गेला. सदऱ्यावर थापट्या मारत राहिला. तिथे काहीच नव्हतं. त्याला कळत नव्हतं की तिथे काही का नाही.

अस्वल सुटलं. मला दिसत होती फक्त गार्थची पाठ आणि तिच्या दोन्ही बाजूंनी उडणारी माती. मधेच ते थांबलं, फुसकारलं, जबडा वाजवला, आडवं वळलं. पहिली हूल देतात पुष्कळदा. पण गेलं नाही. तिथेच डोकं खाली घालून झुलत राहिलं.

"बाजूला हो," मी म्हणाले.

तो हलला नाही. मी डावीकडे सरकले. तोही डावीकडे सरकला. मी उजवीकडे, तर हाही उजवीकडे. न बघता! मागे डोळे असल्यासारखा मला बरोबर आपल्या पाठीआड ठेवत होता. असा राग आला मला, असा राग, की त्या क्षणी अस्वलापेक्षा मला गार्थचीच चीड येत होती. 

"गार्थ, ऐक," मी म्हणाले. आवाज फाटत होता. "तू पुढे आहेस म्हणून मला गोळी मारता येत नाही. तू मध्ये आहेस. तूच मध्ये आहेस रे."

अस्वलाचे कान मागे गेले.

गार्थचे खांदे एकदा वर झाले, काहीतरी बोलायला निघाल्यासारखे. मग तो खाली बसला. माझ्या पायांपुढे, गवतात, मान खाली घालून, दोन्ही हात कानांवर ठेवून. अस्वल पुन्हा सुटलं होतं आणि तो त्याच्याकडे बघतही नव्हता.

मी गार्थच्या डोक्यावरून गोळी झाडली. पहिली अस्वलाच्या पुढ्यातल्या मातीत गेली, दगडाचे तुकडे त्याच्या तोंडावर उडाले. दुसरी कुठे गेली देव जाणे. ते एकदम वाकडं झालं, आमच्या बाजूने इतक्या जवळून गेलं की त्याचा कुबट वास नाकात बसला, आणि मागच्या झुडपांत घुसलं. मी त्याच्या पाठोपाठ गर्रकन वळले. फांद्या मोडत गेल्या. मग मोडायच्या थांबल्या. ते लांब गेलं म्हणून थांबल्या, की तिथेच उभं होतं म्हणून, ते मला कळेना.

क्लेटन धापा टाकत आला. "कुणाला लागलं? लोर्ना? गार्थ, लागलं का तुला?"

"नाही," गार्थचा आवाज माझ्या पाठीमागून आला. "मी हिच्या नेमाच्या मध्ये येत होतो. मग बसलो."

आणि तो रडायला लागला. मोठ्याने, लहान मुलासारखा. मला वळून त्याच्याजवळ गुडघे टेकायचे होते, त्याचं डोकं पोटाशी धरायचं होतं. पण झुडपांत एक फांदी पुन्हा वाजली आणि माझे दोन्ही हात गुंतलेले होते.

"क्लेटन," मी मान न वळवता म्हणाले, "त्याला जवळ घे. मला इथून वळता येत नाही."