शिवलिंगप्पांच्या घरचा दुसरा मुक्काम

नळदुर्गच्या किल्ल्याच्या वाटेवर शिवलिंगप्पांचं घर आहे. एसटीतली कंडक्टरकी संपल्यावर त्यांनी वरच्या दोन खोल्यांना रंग दिला, 'राहण्याची व न्याहारीची सोय' अशी पाटी ठोकली आणि वाट बघत बसले. पाहुणे आले. किल्ला, पाणीमहाल बघून खूशही झाले. पण दुसऱ्या रात्री टिकला असा एकही निघाला नाही.

कारण गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, फक्त शिवलिंगप्पांना नव्हतं. माणसाचा जन्म लोकांना उतरवण्यात गेलेला. पहाटे कोंबड्याच्या आधी ते तिकिटाचा जुना पंच दारावर बडवायचे, "उठा, नळदुर्ग आलं!" न्याहारीला एकटाच पाहुणा असला तरी त्याला म्हणायचे, "पुढं सरका."

शेवटी त्यांची बायको मल्लम्मा विटली. "ह्या टायमाचे पावणे दुसऱ्या रात्री ऱ्हायले न्हाईत, तर खोल्यांत सोयाबीन भरते बगा. त्याला कितीबी उठवा, उठत न्हाय."

शिवलिंगप्पा हबकले. रोज बसभर माणसांशी भांडलेल्या माणसाला घरात एकटी मल्लम्मा पुरत नव्हती. तिला मात्र ते पुरून उरत होते. पाहुणे बंद झाले, तर बोलायचं कुणाशी?

शनिवारी लातूरहून रणधीर आणि हर्षाली हे जोडपं आलं. रविवारी सकाळी शिवलिंगप्पा तोंडात पानाचा तोबरा भरूनच बसले. पंच मल्लम्मानं पिठाच्या डब्यात पुरला होता.

चुरमुऱ्यांचा सुसला दुसऱ्यांदा वाढून घेत हर्षाली म्हणाली, "आजही राहूया का?"

"राहू की," रणधीर म्हणाला.

तेवढ्यात आत मल्लम्माची पूजा सुरू झाली. टण टण!

एसटीत एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे सोडा. शिवलिंगप्पांच्या तोंडातलं पान अंगणात आणि शब्द पाहुण्यांवर पडले, "हां, चला! जाऊ द्या!"

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. काकांची काहीतरी अडचण दिसते, असं समजून गुमान पिशव्या भरल्या. मल्लम्मा बाहेर आली. शेजारच्या उमादेवीला हाक मारून म्हणाली, "अक्का, रिकामी पोती हायत का वो?"

बाहेर गाडी सुरू झाली. शिवलिंगप्पांनी देव्हाऱ्यातली घंटी उचलली, अनवाणी रस्त्यावर धावले आणि एकदाच वाजवली.

टण!

रणधीरनं ब्रेक दाबला. "काय राहिलं का आमचं, काका?"

शिवलिंगप्पा गाडीसमोर उभे. अख्ख्या नोकरीत जे वाक्य त्यांनी सख्ख्या मेव्हण्यालासुद्धा म्हटलं नव्हतं, ते आता घशातून तुकड्या-तुकड्यानं वर आलं.

"ऱ्हावा की... जागा... लई जागा हाय."

दोघं गाडीतून उतरले आणि राहिले. सोमवारीही राहिले.

मल्लम्माची पूजा तेव्हापासून एकाच टोल्यात उरकते. देवाची अजून तरी तक्रार आलेली नाही.