ज्योतीरामाचा डावा गाल

जळकुकडा माणूस कसा असतो ते पाहायचं असेल तर आमचा ज्योतीराम पाहावा. आकुर्डीच्या पत्र्याच्या चाळीत त्याची खोली माझ्या खोलीला लागून, आणि भोसरीच्या फाउंड्रीत तो भट्टीवर तर मी पलीकडे घासकामावर. घरी शेजार, कंपनीत शेजार. त्याच्यापासून सुटका अशी नव्हतीच. दूधवाला दारात जरा रेंगाळला की ह्याच्या कपाळाला आठी. पोस्टमन त्याच्या बायकोला 'ताई' म्हणाला तर "ताई कशापायी म्हनला?" आणि नुसतं 'बाई' म्हणाला असता तर त्यातूनही ह्याने काहीतरी काढलंच असतं. संशय हा त्याचा ओव्हरटाइम होता, आणि तो बिनपगारी करायचा.

त्याची बायको भिमाबाई मात्र अशी होती की तिच्या नवऱ्याचा कुणालाही हेवा वाटावा. मला तर रोज वाटायचा. ती चाकणच्या घाणेवाल्याची लेक, बैलघाण्याच्या करकरीत वाढलेली. तेल बोटावर घेतलं की ते ताजं की शिळं, शुद्ध की भेसळीचं, हे ती सांगायची. पण तिची खरी करामत तोंडाला लावायच्या तेलात. चाळीत कुणाची लेक उजवायची असो की थंडीत कुणाचे गाल उललेले असोत, बाया तिच्याकडेच जायच्या.

ती आधी कातडी बघायची, तेलाचं मागाहून. त्यासाठी तिच्याकडे पतंगाचा कागद असे. सकाळी उठल्यावर, तोंड धुवायच्या आधी, तो कपाळाला, नाकाला आणि दोन्ही गालांना दाबायचा आणि उजेडाकडे धरायचा. जिथे तेलाचा डाग उठला तिथली कातडी तेलकट, जिथे नाही तिथली कोरडी. कोरडीला ती तिळाचं तेल द्यायची, वाळा मुरवलेलं. तोंड धुऊन ओलसर असतानाच दोन-तीन थेंब तळहातावर घ्यायचे आणि हलके दाबायचे, चोळायचे नाहीत. तेलकट तोंडाला करडईचं, तेही एकच थेंब. "तेलकटाला आनिक तेल?" असं कुणी हसलं की ती म्हणायची, "साबनानं खरवडलं की कातडी इरेला पेटती आन् दुप्पट तेल सोडती. तिला वाईच दिऊन गप करावं." मुरमं आलेल्या पोरींना ती खोबरेलाला हात लावू द्यायची नाही. आणि ज्यांची कातडी नाजूक, चटकन लाल होणारी, त्यांना कानामागे एक थेंब लावून परत पाठवायची; दुसऱ्या दिवशी खाज नसेल तरच बाटली. बाटल्या औषधाच्या, तपकिरी काचेच्या, कारण उजेडाने तेल खवट होतं.

भट्टीवाल्यांचं तोंड म्हणजे आणखी निराळं प्रकरण. भट्टीपाशी माणूस वर्षानुवर्षं एकाच अंगाने उभा राहतो. भट्टीकडचा गाल भाजून सुकतो, दुसऱ्या गालावर घाम आणि तेल. एका तोंडाला दोन कातड्या. त्यांना ती दोन बाटल्या द्यायची, डाव्याची वेगळी, उजव्याची वेगळी. आणि एक ताकीद सगळ्यांना असायची: शिफ्टला जाताना थेंबसुद्धा लावायचा नाही, सुटल्यावर तोंड धुऊनच लावायचं.

हे भट्टीवाले तिच्याकडे येत मात्र नसत. गड्याने तोंडाला तेल लावायचं म्हणजे फाउंड्रीत जन्माची टिंगल. मग त्यांच्या बायका नवऱ्याच्या तोंडावर कागद दाबायच्या, डाव्या बाजूला हळदीचा ठिपका द्यायच्या आणि दुपारी भिमाबाईकडे आणायच्या. भिमाबाईने एकाही परक्या गड्याच्या तोंडाला बोट लावलं नव्हतं. माझं लग्न व्हायचं होतं, त्यामुळे माझा कागद मीच दाबायचो आणि तिच्या उंबऱ्यावर ठेवायचो. "उद्धवभाऊजी, नाक लई तेलकट हाय तुमचं," एवढं तिने म्हटलं तरी मी दोन दिवस खुशीत असायचो. ज्योतीरामाला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो समजायचा, बायाबायांचं काहीतरी चाललंय. सांगायची कुणाची छाती नव्हती. त्याने बाटल्याच फोडल्या असत्या. स्वतः त्याने तोंडाला कधी थेंब लावून घेतला नाही. डावा गाल बघवत नव्हता, नांगरटीसारखा उललेला.

मग एक दिवस कॅन्टीनमध्ये जयसिंग त्याच्या शेजारी येऊन बसला. जयसिंगही भट्टीवरचाच, त्याचाही डावा गाल असाच उललेला असायचा. पण दिवाळीपासून तो गुळगुळीत झाला होता, आणि त्या दिवशी भट्टी बंद म्हणून गडी सुट्टीच्या दिवसासारखा तेल लावूनच आला होता. ज्योतीरामाने भाकरीचा तुकडा हातात तसाच धरला आणि नाक फुगवलं.

"उद्धवराव," तो नंतर मला म्हणाला, "माज्या घरचा वास त्याच्या तोंडाला कसा?"

"बायकोलाच विचार की," मी म्हणालो.

त्याने विचारलं. मधली भिंत पत्र्याची, मला सगळं ऐकू येत होतं. फळीवर न्यायला तयार बाटल्या ओळीने असत, प्रत्येकीच्या मानेला वेगळ्या रंगाचा दोरा. तो एकेकीचं बूच काढून हुंगत असावा. "ही तांबड्या दोऱ्याची कुनाची?"

"जयसिंगभाऊजींची," भिमाबाई म्हणाली. आवाजात ना भीती ना लाज.

बाटली परत फळीवर ठेवल्याचा आवाज आला. आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याच्या डोक्यात एकच बसलं होतं: माझ्या बायकोच्या हातचं दुसऱ्याच्या तोंडाला, आणि मी कोरडा.

दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टला तो ती बाटली खिशात घालून आला. भट्टी पेटली होती. आम्ही बघतोय तोवर त्याने बाटली ओंजळीत पालथी केली आणि सगळं तेल तोंडाला फासलं, मालीश करावं तसं. जयसिंगला जे मिळतं ते आपल्याला पुरेपूर मिळालं पाहिजे, एवढाच त्याचा हिशेब. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याचं तोंड लालबुंद सुजलं होतं आणि साच्याची काळी वाळू त्यावर थापल्यासारखी बसली होती.

"आरं ज्योत्या, माजी बाटली संपवलीस व्हय?" जयसिंग हसत म्हणाला.

ज्योतीरामाने त्याची गचांडी धरली. "माज्या बायकोनं तुज्या तोंडाला हात लावला?"

"तुज्या बायकोनं?" जयसिंगला आधी काही कळेना. "आरं, गिरजा लावती की. माजी बायको! ती कागद दाबती, तीच तेल लावती. समद्यांच्या बायका लावत्यात." मग तो, बहुतेक वाईट हेतू नसताना, म्हणाला, "का रं, तुला कुनी लावत न्हाई?"

सगळे हसले. मीही हसलो. ज्योतीरामाने गचांडी सोडली, आणि पुढे शिफ्ट सुटेपर्यंत त्याने कुणाकडे बघितलं नाही.

घरी आलो तेव्हा मी हातपाय धुवायचंही विसरलो आणि पत्र्याला टेकून बसलो. पलीकडे फळीवरच्या बाटल्या एकेक सरकल्या. मग त्याचा आवाज आला, "भिमे, ह्यात माजी बाटली कुटली?"

"तुमची न्हाई."

"का न्हाई?"

"का म्हंजे? लगीन झाल्यावर पयल्या पाडव्याला मी तेल लावाया बसले. पाठ झाली, डोकं झालं, तोंडाकडं हात नेला तर हिसडून टाकलात. म्हनालात, मी काय तमाशातला नाच्या हाय? तवापास्नं दर पाडव्याला गळ्यापाशी हात थांबिवते मी." तिचा आवाज आता चढला होता. "साऱ्या चाळीतल्या गड्यांचा डावा-उजवा मला पाठ हाय. माज्याच नवऱ्याचा तेवढा ठावं न्हाई. कुनाला इचारू? जयसिंगभाऊजींना?"

मला वाटलं, आता हात उगारणार. मी उठायच्या तयारीत होतो.

"मंग आता बघ की," ज्योतीराम म्हणाला. इतक्या बारीक आवाजात की मला ते पत्र्याला कान लावून ऐकावं लागलं.

हंड्यात तांब्या बुडाल्याचा आवाज झाला. फडकं पिळल्याचा. मग पुन्हा पिळल्याचा, पुन्हा. वाळू निघत असावी.

"आगं बया," भिमाबाई म्हणाली आणि थांबली. "नाजूक हाय की वं तुमचं कातडं. कानामागं बघा, बाळावानी. आन् मला इतकी वरसं वाटायचं, लई राठ असंल."

त्याने नाक ओढल्याचा आवाज आला.

"रडू नगा. खारं पानी लागून आनिक चुरचुरंल."

मी पत्र्यापासून उठलो आणि बाहेर नळावर जाऊन उभा राहिलो. बादली लावायला विसरलो होतो. असा हेवा मला जन्मात कुणाचा वाटला नाही.