खाचर बघून घेतलेला कॅमेरा

पहिला डीएसएलआर घ्यायला शहापूरला गेले, तेव्हा दुकानदार फुल फ्रेम कॅमेऱ्यावरच अडून बसला. "ताई, मोठ्या सेन्सरला तोड नाय. कमी उजेडातपण फोटो स्वच्छ येतो." खोटं नव्हतं ते. पण मला म्हसा गावच्या जत्रेतले बैल टिपायचे होते, भर दुपारी आणि लांबून, कारण कॅमेरा जवळ नेला की बैल बुजतात. छोट्या सेन्सरवर तीच लेन्स लांबचं जवळ आणून दाखवते. अंधारात फोटोवर दाणे दिसतात, ते दिसू देत.

आमच्या मुरबाडकडे बैल घेताना नुसता धिप्पाडपणा बघत नाहीत, आधी आपलं भाताचं खाचर बघतात. अरुंद खाचरात थोराड बैल वळत नाही, बांध तेवढे तुडवतो. दुकानात एकच लेन्स दोन्ही कॅमेऱ्यांना लावून मी रस्त्यापलीकडची पाटी बघितली, छोट्या सेन्सरमधून ती जवळ दिसली आणि तोच कॅमेरा घेतला.

"पस्तावाल तुमी," तो म्हणाला.

जत्रेत टिपलेला बैलाचा डोळा मी त्याच्याकडेच छापायला दिला. आता त्याची मोठी प्रत त्याने दुकानात लावली आहे. गिऱ्हाइकांना सांगतो, फुल फ्रेमचा आहे.