मलावीतली पुणेरी टीम

रविवारी उपासना संपली की आमच्या चर्चच्या आवारात चहा होतो. चहा संपतो, मलावीचे किस्से काही संपत नाहीत. आफ्रिकेत जाऊन आलो आम्ही तिघेच, पण बाकीच्यांनी ते इतक्यांदा ऐकलेत की आता माझं चुकलं तर तेच दुरुस्त करतात!

तिघे म्हणजे आमचे पाळकसाहेब, हडपसरच्या रिटायर्ड नर्स रूथमावशी आणि मी, हिंजवडीतला कॉम्प्युटरवाला. तिथल्या एका खेड्यातल्या शाळेत आणि दवाखान्यात मदत करायची होती. मी मुलांना कॉम्प्युटर शिकवणार होतो. पोचल्यावर कळलं, गावात वीजच नाही! मग मी पाणी भरलं.

*

तिथल्या विमानतळावर तपासणीवाल्याने मावशींच्या बॅगेतून गोड्या मसाल्याची पिशवी काढली. हुंगली.

"हे काय?"

"औषध."

"कशावरचं?"

"घरच्या आठवणीवरचं."

त्याने हसून पिशवी परत दिली. पाळकसाहेब मात्र गंभीर झाले. "मावशी, हे खोटं बोलणं झालं."

"संध्याकाळी वरणात घालते, मग सांगा."

संध्याकाळी साहेबांनी परत परत वरण मागून घेतलं आणि विषय पुन्हा काढला नाही.

*

गावात आमचं स्वागत करायला सगळे जमले होते. गावप्रमुख म्हातारे, सुटाबुटात. त्यांनी आमच्याशी हात मिळवले आणि मग आमच्या जीपच्या मागे जाऊन वाकून पाहिलं.

"मिशनरी कुठायत?"

"आम्हीच," पाळकसाहेब म्हणाले.

म्हाताऱ्यांचा चेहरा पडला. "गोरे नाही आले?"

मावशी म्हणाल्या, "आमच्याकडचेही कधीच गेले. वाट बघून कंटाळलो, शेवटी आम्हीच निघालो!"

म्हातारे एवढे हसले की त्यांना खोकला लागला. मावशींची तिथली पहिली केस म्हणजे हे म्हातारेच.

*

पुण्यात आमच्या पाळकसाहेबांची उपासना नऊला म्हणजे नऊला. उशिरा येणाऱ्याकडे ते अशी नजर टाकतात की माणूस पुढच्या रविवारी आठलाच हजर!

तिथेही ते नऊला उभे राहिले. समोर रिकामे बाक. दहा वाजले, साडेदहा. साहेब तणतणत रस्त्यावर गेले, तर लांबून बायका चालत येत होत्या, पाठीवर पोरं बांधलेली. ओढ्यावर थांबून त्यांनी पाय धुतले, हातातल्या चपला घातल्या आणि मग आत आल्या.

पुढच्या रविवारपासून साहेब पाण्याची कळशी घेऊन रस्त्यातच उभे राहायला लागले. उपासना सगळे आल्यावर.

परत आल्यावर मी म्हटलं, "साहेब, आता इथेही थोडं सैल सोडा की!"

"तुम्ही रिक्षानं येता," साहेब म्हणाले.

*

मग साहेबांना मलेरिया झाला. ताप उतरला तशी शेजारची विधवा बाई कोंबडी घेऊन आली. सूप करा म्हणाली. तिच्याकडे तेवढी एकच कोंबडी होती.

साहेबांचे डोळे भरले. "नाही, नाही. परत न्यायला सांगा."

मावशींनी कोंबडी काखोटीला मारली. "देण्यावर पुष्कळ प्रवचनं केलीत. आता घेऊन दाखवा!"

साहेबांनी सूप घेतलं. बाई समोर बसून, वाटी रिकामी होईपर्यंत बघत होती.

*

एका सकाळी दवाखान्यात बाळंतपणाची केस आली. बाई दमून गेलेली, डॉक्टर दुसऱ्या गावाला. मावशींनी बाळ सोडवलं, मुलगी होती. पण निळी पडलेली, हालचाल नाही, आवाज नाही. दारात बाप आणि सगळी बायामाणसं उभी.

मावशी बाळाची पाठ चोळत होत्या, तोंडाने श्वास देत होत्या आणि मधे मधे ओरडत होत्या, "अगं, रड की! रड की गं! रड की!"

किती वेळ गेला कोण जाणे. मग ती एकदम कळवळून रडली, आणि बाहेर नाचच सुरू झाला!

पुढच्या रविवारी आईबाप बाप्तिस्म्याला बाळ घेऊन आले. साहेबांनी विचारलं, "नाव काय ठेवायचं?"

बाप छाती फुगवून म्हणाला, "राडकी."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. बाप मावशींकडे बोट दाखवून सांगत होता, यांनी याच नावाने हाका मारल्या, म्हणून ती आली. मग आईने हळूच विचारलं, "तुमच्या भाषेत याचा अर्थ काय होतो?"

मावशींनी बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला.

"जिवंत," त्या म्हणाल्या.