साहेबाची भट्टी

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा जन्मभर कचेरीत कागदांवर शिक्के मारत बसला, म्हणून मी त्याला साहेब म्हणतो. निवृत्त माणसानं झाडांना पाणी घालावं, गप्प बसावं. यानं लोहारकाम काढलं. चाळीस वर्षं ऐरणीपाशी घालवलेला माझ्यासारखा लोहार घरचाच असताना, मोबाइलवर बघून.

"दादा, जवळजवळ फुकटात भट्टी झाली बघा," म्हणत त्यानं मला परसात नेलं. भंगारातला ट्रकच्या ब्रेकचा ड्रम, आतून मातीचा लेप, खालून लोखंडी नळी आणि नळीच्या तोंडाला बहिणीचा केस वाळवायचा ड्रायर. भात्याच्या जागी ड्रायर! हसावं की रडावं तेच कळेना. हातोडाही असा धरायचा की लोखंडावर शिक्काच उमटवायचाय.

हा सगळा खटाटोप एका सुरीसाठी, आणि सुरी हवी होती ती बहिणीसाठी. मागच्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून उजव्या हाताची बोटं नीट मिटत नाहीत. बाजारातली एकही सुरी त्या हातात ठरेना, आणि सून तिला भाजीला हात लावू देईना. "पाहुण्यासारखं आयतं खायचं मला सोसत नाही," ती एकदा म्हणाली. त्यावर साहेबानं करवतीसारख्या उभ्या मुठीच्या सुरीचं चित्र काढलं. चित्र बरं होतं. त्याच्या तोंडावर मात्र मी ते कधी बोललो नाही.

गाडीच्या स्प्रिंगचा तुकडा तापवून, ठोकून त्यानं वेडंवाकडं पातं काढलं, घासलं, पुन्हा लाल करून तेलात बुडवलं. वरून कानस फिरवली तर ती घसरली. "कडक झालं, दादा," तो म्हणाला, अगदी गड जिंकल्याच्या थाटात. मी मिशीतल्या मिशीत हसलो. नुसतं तेलात बुडवलेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं. पिवळसर रंग चढेपर्यंत ते मंद आचेवर परत तापवावं लागतं. आमच्या धंद्यात हे पहिल्या महिन्यात कळतं. विचार तुझ्या मोबाइललाच, असं मनात म्हणून मी गप्प राहिलो.

बहिणीनं भोपळ्यावर सुरी दाबली आणि पातं कटकन मोडलं. साहेब दुसऱ्या सुरीला लागला. तीन आठवडे घासत होता. मी रोज खुर्ची टाकून बसायचो, त्यांचाच चहा पीत त्याची धांदल बघायचो. दुसरीही मोडली, आणि या वेळी तुकडा तिच्या डाव्या तळहातात घुसला. चांगला राहिला होता तोच हात.

टाके घालून आणल्यावर साहेब ते तुकडे घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. "माझं कुठं चुकतंय, तेवढं सांगा दादा."

मी सांगितलं. दोन वाक्यांत झालं. त्यानं ते वहीत लिहून घेतलं, खाली तारीख घातली आणि वर म्हणाला, "फार उपकार झाले."

दारात बहीण उभी होती. "पहिली मोडली तेव्हा तू इथंच होतास ना?"

"होतो."

"आणि तुला हे माहीत होतं?"

साहेब ऐकू न आल्यासारखं करून ड्रायरची वायर गुंडाळू लागला. मला सांभाळून घेत होता, तो.

त्या दिवशी सून बहिणीला एकेक घास भरवत होती. समोर मलाही ताट वाढलं होतं. बहिणीनं जेवण संपेपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही.