घासाघीस न करणारं गिऱ्हाईक

बदली झाली म्हणून आळंदचं घर घाईनं विकायला काढलं, तेव्हा एक वयस्कर दलाल मध्ये होता. गिऱ्हाईक घर बघायचं आणि हा ओट्यावर बसून गिऱ्हाइकाचा चेहरा बघायचा. एकानं आम्ही सांगितलेल्या किमतीला लगेच होकार दिला. नंतर आलेल्या जोडप्यानं नळ सोडून पाहिले, भिंतीची ओल दाखवली आणि भाव पाडून मागितला.

दलाल म्हणाला, "अण्णा, ह्या जोडप्यालाच द्या."

"कामून? तो जास्त द्यायलाय की."

"ज्याला घ्यायचंय, तो भावासाठी भांडतो. त्या पहिल्याला घ्यायचंच न्हाई, मग भाव कामून खटकंल?"

पटलं नाही, तरी ऐकलं. जोडप्यानं घर घेतलं. घराचं काय झालं, हे विचारायला त्या पहिल्या माणसाचा साधा फोनही आला नाही.